पॉलिश काढण्याआधी कपाट वाचा

दिव्यात नव्याने राहायला आलेल्या काही घरांत एक वस्तू हमखास सापडते: गिरगाव-लालबागच्या चाळीतून टेम्पोत घालून आणलेलं आजोबांचं सागवानी कपाट. पॉलिश काळवंडलेलं, एक दार लोंबतंय. मिस्त्री म्हणतो, "घासून पीयू मारू, नवं होईल." घरातलं कुणीतरी म्हणतं, "अँटिक आहे, हात लावू नका." गंमत म्हणजे दोघांकडेही पुरावा नसतो. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासाठी हे कपाट मला म्हणूनच चांगलं उदाहरण वाटतं.

सगळ्यात लाडका दावा आधी घेऊ: "बर्मा टीक आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं." मुंबईचं आणि ब्रह्मदेशच्या सागाचं नातं खरंच जुनं आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863 साली स्थापन झाली. 1885 मध्ये थिबा राजाच्या सरकारने सागाच्या व्यवहारावरून तिला जबर दंड ठोठावला, इंग्रजांना युद्धाचं निमित्त मिळालं आणि राजाची रवानगी रत्नागिरीला झाली. तिथेच 1916 साली तो वारला. (रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहताना सागाच्या ओंडक्यांची आठवण किती जणांना होते?) पण ब्रह्मदेशचा साग स्वातंत्र्यानंतरही येत राहिला, आणि जुन्या वाड्याच्या तुळया चिरून नवं फर्निचर करणं तर नेहमीचंच. म्हणजे लाकूड झाडाचं वय सांगतं, कपाटाचं नाही. कार्बन-14 ची अडचणही हीच. शिवाय साधारण 1650 नंतरच्या नमुन्यांत त्याचा आलेख इतका वळणावळणाचा आहे की एकाच मोजमापातून दोन-तीन वेगवेगळे कालखंड निघू शकतात.

मग बघायचं काय? स्क्रू. फुलीच्या खाचेचा, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला. मूळ बिजागरीत तो असेल तर कपाट त्याआधीचं असूच शकत नाही. मात्र "मूळ" हा शब्द महत्त्वाचा. शेजारी बुजवलेलं जुनं भोक किंवा गंजाचा डाग दिसला तर स्क्रू दुरुस्तीतला आहे. नियम असा की मूळ भागांपैकी सर्वांत तरुण भाग वय ठरवतो. उलट तर्क चालत नाही. साध्या खाचेचे स्क्रू आजही मिळतात.

आता पॉलिश. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, पीयू विरघळत नाही. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा कापूस टेकवा. चिकट झालं तर बहुधा चपडा. त्यावरून वय ठरत नाही, चपडा आजही वापरात आहे. पण उपाय ठरतो: जुन्या चपड्यावर नवा चपडा नीट बसतो, खरवडायची गरजच नसते.

घासल्याने फक्त पॉलिश जात नाही. हाताच्या रंध्याच्या उथळ लाटा, करवतीच्या खुणा, हात लागून गुळगुळीत झालेल्या कडा, सगळं भुशात जातं. प्रयोगशाळेत एकुलता एक नमुना ॲसिडमध्ये टाकण्याआधी आपण त्याचा फोटो आणि वजन घेतो. इथे ते कुणी करत नाही. रंग लावलेलं जुनं लाकूड घासताना त्यात शिसं असू शकतं, ही वेगळी काळजी.

कायद्यात रेषा स्पष्ट आहे. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमात साधारणपणे 100 वर्षं जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. पण माझं मत विचाराल तर निर्णय त्या आकड्यावर सोपवू नये. आतली फळी प्लायवूडची, बिजागऱ्या स्टार स्क्रूच्या, असं निघालं तर खुशाल घासा. दिव्याच्या छोट्या खोलीत वस्तू वापरायची असते, पुजायची नाही. शंका उरली तर कोरड्या फडक्याने पुसून मेण लावा आणि थांबा. मेण नंतर काढता येतं, घासलेलं लाकूड परत येत नाही.

मिस्त्री रविवारी येणार असेल तर शनिवारी ड्रॉवर बाहेर काढून उलटा करा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरून तळाचे फोटो घ्या. पॉलिश शक्यतो तळापर्यंत पोचलेलं नसतं, त्यामुळे रंध्याच्या आणि करवतीच्या खुणा तिथेच सर्वांत स्वच्छ दिसतात.