म्हैसूरमधील मराठी घरासाठी मुळाक्षरांचे घरगुती साहित्य

म्हैसूर शहरात भाषाशिक्षणाशी संबंधित दोन राष्ट्रीय संस्था आहेत. एनसीईआरटीची क्षेत्रीय शिक्षण संस्था १९६३ पासून, तर भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून येथे कार्यरत आहे. एनसीईआरटी आणि भाषा संस्थान यांनी मिळून तयार केलेल्या ५२ प्रवेशिकांचे प्रकाशन मार्च २०२४ मध्ये करण्यात आले. बालकाची अक्षरओळख त्याच्या घरच्या भाषेतून व्हावी, हा त्यामागील हेतू होय.

नोकरीनिमित्त म्हैसूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील बालकाची अडचण थोडी निराळी आहे. त्याच्या भाषेत पुस्तके विपुल आहेत. परंतु शाळेत बहुधा कन्नड आणि इंग्रजी शिकविली जाते. तिसरी भाषा म्हणून हिंदी आली तर देवनागरी भेटते, तीही उशिरा. मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशी मुले परप्रांतातील कुटुंबांत आढळतात ती यामुळेच. त्यांच्यासाठी पहिली शाळा घरातच भरवावी लागते.

तयार तक्ता विकत आणून हे काम भागत नाही. मराठी प्रदेशाबाहेर मिळणारे देवनागरी तक्ते बहुधा हिंदीसाठी छापलेले असतात. त्यांत ‘ळ’ सहसा नसतो, ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे वेगळी असतात आणि चित्रांखालील शब्द घरात कधी कानावर न पडलेले असतात. बाळ, फळा, डोळा हे शब्द रोज उच्चारणाऱ्या मुलाला ‘ळ’ न दाखवणे हा तक्त्याचा मोठाच दोष म्हटला पाहिजे.

घरी साहित्य करण्याची वाट मराठीत जुनी आहे. मारिया माँटेसरी यांच्या शाळांत खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवून घेतली जात. ही पद्धती मराठी मुलखात रुजविणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया अशा भोवतालच्या वस्तूंचा उपयोग केला. म्हैसूरच्या घरातही याच रीतीने साहित्य करता येते.

जुन्या लग्नपत्रिका किंवा खोक्यांचा पुठ्ठा घेऊन त्याचे वीतभर लांबीरुंदीचे चौकोन कापावेत. स्वरांसाठी एका रंगाचा व व्यंजनांसाठी दुसऱ्या रंगाचा कागद खळीने चिकटवावा. त्यावर डिंकाने ठसठशीत अक्षर काढून चाळलेली वाळू किंवा रांगोळी भुरभुरावी आणि वाळल्यावर झटकावी. तर्जनी व मधले बोट फिरवत मूल अक्षर गिरवते; ज्या दिशेने लिहायचे त्याच दिशेने, आणि शिरोरेघ शेवटी. ताटात पसरलेला रवा हीच पुढची पाटी. चिंचोक्यांनी अक्षर मांडण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हाती बिया देऊ नयेत, त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

सगळी मुळाक्षरे एकदम करण्याची घाई नको. ‘गमभन’ हा वळणानुसार चालणारा जुना क्रम आजही उपयुक्त आहे. ग, म, न आणि र एवढी चार अक्षरे झाली की गरम, नरम, मगर, नगर हे शब्द जुळतात आणि आपण वाचू शकतो हे मुलाला आठवडा-दोन आठवड्यांत उमगते. पाठ अगदी छोटा असावा. ‘हा ग’, मग ‘ग कुठे आहे?’ आणि सर्वांत शेवटी ‘हे कोणते अक्षर?’. चुकले तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. काना ही पुठ्ठ्याची सुटी पट्टी ठेवल्यास ‘र’चा ‘रा’ होताना मूल स्वतः पाहते. वेलांटी त्यानंतर घ्यावी, कारण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहिली जाते, उच्चार मात्र अक्षरानंतर होतो.

कन्नड लिपीची मदतही होते आणि अडथळाही. दोन्ही लिपी ब्राह्मीपासून निघालेल्या, वर्गांचा क्रम तोच. त्यामुळे एकाच कार्डाच्या एका बाजूस देवनागरी व दुसऱ्या बाजूस कन्नड अक्षर काढता येते. ‘ळ’ कन्नडमध्येही आहे. ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांची कन्नड अक्षरे मात्र जोडीविना राहतात. खरा अडथळा उच्चारात आहे. कन्नड वाचू लागलेले मूल शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारते, म्हणून मराठीत ते ‘घर’ न वाचता ‘घरऽ’ वाचते. तसेच ‘चटई’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन निराळे ‘च’ मराठी लिपी एकाच अक्षराने दाखवते. अशा अक्षराला दोन चित्रांची दोन कार्डे करावीत. प्रत्येक शब्दाचे कार्ड हाती देण्यापूर्वी तो शब्द घरातील मोठ्यांनी मोठ्याने म्हणावा. आजी-आजोबा गावी असतील तर दूरध्वनीवरूनही हे काम होते.