हिंगोलीकडील कूळ आणि भाड्याची पावती

आमच्या भाषेंत शेत कसणाराहि कूळ, सावकाराचा ऋणकोहि कूळ, आणि परक्याच्या घरांत भाडें देऊन राहणारा बिऱ्हाडकरूहि कूळच. तिघांचा व्यवहार एक नाहीं. पण तिघांविषयीं मालकाच्या मनांत जी धास्ती वसते ती मात्र एकाच जातीची आहे. पावती दिली कीं हक्क दिला, आणि दुसऱ्याचें नांव कागदावर चढलें कीं वस्तु हातची गेली, ही ती धास्ती. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील एखादा घरधनी वर्षानुवर्षें भाडें घेतो, पण चिठोऱ्यावर सही करावयास धजत नाहीं. तेव्हां त्याला कंजूष अथवा लबाड म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु या वागणुकीचें मूळ बरेंचसें या मुलुखाच्या कायद्यांच्या इतिहासांत आहे.

हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती, कापसाची पेठहि होती. त्यामुळें भाड्याचें बिऱ्हाड ही गोष्ट या गांवाला नवी नव्हे. पण मालकांचें मन घडलें तें शहरांतील घरांवरून नव्हे, रानांतील जमिनीवरून. सरकारदप्तरीं नांव पट्टेदाराचें. त्याच्या हाताखालीं शिकमीदार किंवा कूळ कसणार. खंड ठरे तो तोंडी, आणि चुकता होई तोहि बहुधा धान्यानें, खळ्यावर. दोन्ही पक्षांस कागदाची गरज भासली नाहीं, कारण कूळ केव्हांहि काढतां येत होतें.

फसली १३५४ म्हणजे १९४४-४५ सालीं निजामसरकारनें आसामी शिकमींचा कायदा करून शिकमीदारास कांहींसें संरक्षण देऊं केलें. त्यामागून सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, १५ ऑगस्ट १९४९ रोजीं जहागिरी खालसा झाल्या, आणि १० जून १९५० पासून हैदराबादचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलांत आला. या कायद्यानें एका आंकड्यास विलक्षण महत्त्व आणलें. फसली १३४२ ते १३५२ या काळांत, किंवा १ जानेवारी १९४८ च्या लगतपूर्वीं, ज्यानें सतत सहा वर्षें जमीन स्वतः कसली तो ‘संरक्षित कूळ’ ठरला. पुढें वाजवी किंमत देऊन ती जमीन विकत घेण्याचा मार्गहि त्यास मोकळा झाला. सहा वर्षें कशानें सिद्ध करावयाचीं? खंडाच्या पावतीनें, नाहींतर पाहणीच्या कागदानें. ज्या कागदाची आजवर कोणास पर्वा नव्हती, त्यावर एकाएकीं शेताची मालकी तोलली जाऊं लागली.

मग काय झालें? उस्मानिया विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनीं हैदराबाद राज्यांतील जमीनसुधारणांची पाहणी करून १९५८ सालीं ती प्रसिद्ध केली. तिच्यावरून दिसतें तें असें कीं, १९५१ सालीं संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकीं १९५४ पर्यंत सुमारें पंचेचाळीसच त्या हक्कानें उरलीं. सुमारें बारा मालक झालीं, दोन-तीन कायदेशीर रीतीनें निघालीं, बाविसांच्या आसपास बेकायदा काढलीं गेलीं, आणि सुमारें सतरांनीं जमीन ‘स्वखुशीनें’ सोडली. या स्वखुशीची जात कोणती असावी, हें खेड्यांत राहिलेल्या माणसास सांगावें लागत नाहीं. कायद्यानें मालकास स्वतः कसण्यासाठीं ठराविक मर्यादेंत जमीन परत मागण्याची सोय ठेवली होती. ती सोडून कित्येकांनीं दांडगाईची वाट धरली. आणि यांतून पुढील पिढीनें धडा घेतला तो उलटाच: कागद करूं नये, पावती देऊं नये, कूळ जुनें होऊं देऊं नये.

घरांच्या बाबतींतहि कायदा मागें राहिला नाहीं. १९५४ सालीं हैदराबाद राज्यानें घरभाडें व निष्कासन यांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला व वाद भाडेनियंत्रकाकडे सोंपविले. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, तरी हा कायदा टिकला. मुंबईस १९४७ चा कायदा, विदर्भास १९४९ चा हुकूम आणि आम्हांस १९५४ चा, असे एका राज्यांत तीन न्याय नांदत होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला, त्यानें हे तिन्ही रद्द केले आणि भाड्याचे वाद दिवाणी न्यायालयाकडे आले. परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. म्हणजे जिल्हा कायद्याहून अकरा महिन्यांनीं वडील. योगायोग असा कीं, करारासाठीं मालकांची आवडती मुदतहि अकरा महिन्यांचीच! वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १९०८ च्या कायद्यानें नोंदवावा लागे, तो टाळण्याची ती युक्ति.

आतां त्या युक्तीचें तेज गेलें आहे. नव्या कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें मुदत कितीहि असो, करार लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींविषयीं भाडेकरू म्हणेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरावयाचें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९५० सालीं कागद कुळाच्या बाजूनें बोलत होता. आज कागदाचा अभाव कुळाच्या बाजूनें बोलतो. बापाची धास्ती जपणारा मुलगा त्याच धास्तीपायीं फसतो तो येथें.

म्हणून दीर्घकाळ घर भाड्यानें देणाऱ्यानें पावती प्रथम द्यावी व तिची स्थळप्रत जपावी. ती न देणें हाच गुन्हा आहे. आणि जिच्यावर भाड्याचा दर, महिना व कोणाकडून आलें हें लिहिलेलें आहे, अशी पावती मालकाचाच साक्षीदार होते. भाडें दर वर्षीं शेंकडा चार वाढवितां येतें. पांचशें रुपयांवर वीस रुपये हातीं लागतात म्हणून कित्येक ही वाढ मागावयाचें विसरतात आणि वीस वर्षांनीं एकदम पांचपट मागून भांडण ओढवतात. भाडें थकल्यास लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावें; रागाच्या भरांत नळ किंवा वीज तोडूं नये, कारण तसें करण्यास कायद्यानें मनाई आहे. स्वतःला घराची खरी निकड असेल तर तें सिद्ध करून ताबा मागण्याचा हक्क शाबूत आहे. परवान्यानें दिलेल्या घराचा ताबा तर मुदत सरल्यावर अधिक लवकर मिळतो; पण तेथेंहि आधार नोंदलेल्या कराराचाच.

भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या वेळीं राहणाऱ्या कुटुंबीयांस भाडेकरूचा हक्क पोहोंचतो. अशा वेळीं सांत्वनास जाऊन आल्यावर, घरांत कोण कोण राहत होतें हें लिहून ठेवावें आणि पुढील पावती कोणाच्या नांवें करावयाची तें त्याच महिन्यांत ठरवून घ्यावें.