‘गाव कोणते?’ : गिरणगावातील नवागताचा आधार

महानगरावरील मराठी लेखनात खेड्यातून आलेला माणूस बहुधा एकटा असतो. गर्दीत हरवलेला, परका, दिशाहीन असा हा नवागत आपल्या कथा-कवितांनी आपल्याला इतका परिचित करून दिला आहे, की तो ऐतिहासिक वास्तवाचाच प्रतिनिधी आहे असे आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहू लागलो की मात्र या गृहीताला तडा जातो. येथे आलेल्यांपैकी अनेकांच्या खिशात कोणाचा तरी पत्ता होता. त्या पत्त्यावर त्यांचे स्वागत कोणी केले, कोणत्या अटींवर केले आणि ज्यांच्याजवळ पत्ताच नव्हता त्यांचे काय झाले, या तीन प्रश्नांचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ मुंबईकडे वळला. 1921 च्या जनगणनेत शहरातील सुमारे 84 टक्के रहिवासी मुंबईबाहेर जन्मलेले होते. म्हणजे नवागत हा या शहरातील अपवाद नव्हता, तोच येथील सामान्य नागरिक होता. तरीही त्याच्या निवाऱ्याची जबाबदारी ना गिरणीमालकांनी पुरेशी उचलली ना सरकारने. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पण सुरुवातीच्या काळात त्याने बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्याच अधिक होत्या.

ही उणीव गावाने भरून काढली. कोकणातील एखाद्या गावचे चाकरमानी मिळून चाळीत एक खोली घेत आणि भाडे माणशी वाटून भरत. प्रत्येकाच्या वाट्याला ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि वळकटी पसरण्याइतकी जमीन येई. रात्रपाळीचा माणूस दिवसा निजे, दिवसपाळीचा रात्री. उन्हाळ्यात गॅलरी, जिना आणि फुटपाथ हाही खोलीचाच विस्तार असे. जेवण खानावळीत. तेथील हिशेब पगाराच्या दिवशी भागवायचा असल्यामुळे पहिला पगार हाती येईपर्यंत नव्या माणसाला उपाशी राहावे लागत नसे, मात्र त्याच्यासाठी कोणा जुन्याने शब्द टाकलेला असावा लागे. पत्र लिहून देणारा, मनिऑर्डरचा फॉर्म भरून देणारा, आजारात गावी पोहोचवणारा याच खोलीत भेटे. अशा खोल्यांतूनच ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ या नावाच्या असंख्य संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी वर्गणी जमवून गावातील देवळे आणि शाळा बांधल्या. भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांचे विणकामही याच धाग्यांचे होते.

हे केवळ मराठी कामगारांचेच वैशिष्ट्य होते असे नाही. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती तरुणांसाठी धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या निवासी संस्था होत्या. बोटीवर नोकरी करणारा तारवटी दोन सफरींच्या मधला काळ तेथे काढी. भिंतीलगत ट्रंकांची रांग, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून करावयाची प्रार्थना, असा तेथील क्रम असे. धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण नवागताला दारात विचारला जाणारा प्रश्न तोच : गाव कोणते?

या प्रश्नात आपुलकी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरावर दार उघडते, त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ते बंदही होते. गिरणीतील नोकरीचेच पाहा. कामगार भरतीचे अधिकार बराच काळ जॉबरच्या हाती होते. तो आपल्या गावचा, नात्याचा माणूस लावून घेई. आणि त्या उपकाराची परतफेड दस्तुरीच्या, निष्ठेच्या, कधी संपाच्या वेळी त्याचा आदेश मानण्याच्या रूपाने होई. खोली, उधारी आणि नोकरी या तिन्हींच्या किल्ल्या पुष्कळदा एकाच साखळीतील माणसांकडे असत. त्या साखळीशी वैर पत्करणाऱ्याला एकाच वेळी निवारा, अन्न आणि काम गमावण्याचा धोका होता.

शिवाय गाव म्हटले की जात आलीच. चांगली मजुरी देणारे विणकामाचे खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून त्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो, हे त्याचे समर्थन. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बंदीचा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या आत असलेली ही भिंत उघड झाली. दलित नवागतालाही आप्तांचा आधार होता. दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मधील कावाखान्याचे चित्र त्याची साक्ष देते. पण तो आधार त्याला ज्या वस्तीत आणि ज्या कामांत नेई, त्यांची सीमा गावाने आधीच आखलेली होती. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेचा प्रारंभबिंदू आम्हाला या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटतो. परगावी रेल्वेत नोकरी लागलेल्या नायकाला हवी असते राहायला जागा. नोकरी मिळाली तरी जागा मिळत नाही, कारण जागेआधी जात विचारली जाते. कथेतील पुढची सारी हिंसा नवागताच्या या अगदी साध्या गरजेपासून सुरू होते.

स्त्रियांच्या बाबतीत हे आधारजाळे आणखी एका तऱ्हेने अपुरे होते. गाळा पुरुषांचा, मंडळ पुरुषांचे. ज्या खानावळीने हजारो नवागतांना तगवले, ती चालवणारी बाई मात्र स्वतः सावकाराच्या कर्जावर आणि वाण्याच्या उधारीवर जगत असे. दहा-वीस माणसांचा स्वयंपाक दहा बाय दहाच्या खोलीत करणाऱ्या या स्त्रीला ‘कामगार’ म्हणून कोणी मोजले नाही. गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या आणि नंतर कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा पहिली गिरणी सुरू होऊन जवळजवळ एकशे वीस वर्षे लोटली होती. सर्वांना आधार देणाऱ्याला आधार मिळण्यास लागलेला हा काळ आहे.

आणि ज्याला गावच नाही त्याचे काय? नारायण सुर्वे यांचे चरित्र हा या प्रश्नाचा जिवंत नमुना आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलेले हे अनाथ मूल; पुढे निवृत्त होऊन गंगाराम कोकणात परतले आणि नारायण मुंबईतच राहिला. कोणत्याही गावच्या खोलीत त्याच्या ट्रंकेची जागा राखलेली नव्हती. ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहाच्या शीर्षकाकडे या बाजूने पाहिले तर त्यामागील आग्रह उमगतो. गाव न विचारता आत घेणारी एखादी संस्था शहरात असावी, ही ती मागणी आहे. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगच्या (1911) रात्रशाळा आणि वाचनालये, 1928 मध्ये स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन, हे त्या दिशेचे प्रयत्न होते. अर्थात युनियनची सभासद नोंदणीही चाळीतून आणि गावकीतूनच होई, हे विसरून चालणार नाही. जुन्या नात्यांवर पाय ठेवूनच नवी नाती उभी राहत होती.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. महिन्यांमागून महिने गेले, तेव्हा असंख्य संपकरी गावी परतले. शहराने दिलेला आधार तुटताच त्यांना पुन्हा गावानेच पोसले. ज्यांची गावी जमीन होती ते काही काळ तग धरू शकले. भूमिहीनांना तो पर्यायही नव्हता. शेवटच्या संकटातही गावाने आपल्या जुन्या उतरंडीप्रमाणेच आधाराची वाटणी केली.

म्हणून गिरणगावाच्या आठवणीने हळवे होताना आपण थोडे सावध राहावे, असे आम्हाला वाटते. तेथील माणुसकी खरी होती. तिच्यावाचून हे शहर उभेच राहिले नसते. पण ती ओळखीची माणुसकी होती. आजही मुंबईत येणारा बांधकाम मजूर कोणा गाववाल्याचा मोबाइल क्रमांक घेऊन उतरतो, आणि त्याच्या मुकादमाचे जुन्या जॉबरशी असलेले साम्य लपत नाही. कथेत, कवितेत वा आत्मचरित्रात नवागताला विचारलेला ‘गाव कोणते?’ हा प्रश्न यापुढे वाचताना तो कोण विचारतो आहे, आणि उत्तर न देता आल्यास रात्री कोठे निजावे लागणार आहे, एवढे आपण विद्यार्थ्यांना शोधायला लावले, तरी आपल्या महानगरी साहित्याचे वाचन पुष्कळ बदलेल.