न ऐकलेला डफ

गतवर्षी आपल्या ज्ञातिसंमेलनाच्या रात्री, भोजने आटोपल्यावर, मंडपाच्या एका कोपऱ्यात काही तरुण मंडळी जमली होती. कोणत्याही काळातील एक गायक वा वादक समोर बसवून ऐकण्याची संधी लाभली, तर कोणास ऐकाल, असा प्रश्न त्यांनी एकमेकांस घातला होता. कोणी नारायणराव बालगंधर्वांचे नाव घेतले, कोणी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांचे. एका कन्येने विलायतेतील बीटल्स नामक चौकडीचे नाव घेतले, तेव्हा वडील मंडळींच्या भुवया किंचित उंचावल्या. प्रस्तुत लेखकाकडे पाळी आली तेव्हा त्याने संगमनेरच्या अनंत फंदीचे नाव सांगितले. "काका, ते तर पाठ्यपुस्तकातले कवी ना?" असे एका मुलाने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा विचार आहे.

बालगंधर्व व अब्दुल करीम खाँ ही नावे थोरच आहेत. परंतु त्यांचा आवाज, अंशतः का होईना, आपणांस लाभलेला आहे. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर उतरले, आणि तेव्हापासून गवयाचा कंठ त्याच्या देहापेक्षा अधिक काळ टिकू लागला. अर्थात तबकडी आली म्हणून सर्वांचेच गाणे वाचले असे नव्हे. १९२२ साली निवर्तलेले भास्करबुवा बखले, ज्यांच्या गायकीपुढे मोठमोठे गवई नम्र होत, आपल्या आवाजाचे एकही मुद्रण मागे ठेवून गेले नाहीत. तेव्हा इच्छा एकच मागावयाची असेल, तर ती ज्यांचा सूर सर्वथैव लुप्त झाला त्यांच्यासाठी खर्च करावी, असे आम्हांस वाटते.

आणि अशा लुप्त सुरांनी आपला जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे अधिकृत नाव मिळाले आहे, भरून राहिलेला आहे. शहरालगतच्या फराहबागेत मुर्तुजा निजामशहा दिल्लीकडील एका गवयाशी बुद्धिबळे खेळत बसे, त्यास त्याने फत्तेशहा अशी पदवी दिली व त्याच्यासाठी त्याच बागेत लक्कडमहाल बांधला, असे सांगतात. गवई म्हणून तो आला, परंतु इतिहासाने त्याचे बुद्धिबळ तेवढे लक्षात ठेवले. तो कोणता राग कसा आळवी, ह्याविषयी एक अक्षर नाही. १५८३ साली पूर्ण झालेला फराहबागेचा मुख्य महाल आज भग्नावस्थेत उभा आहे. भोवतालचे तळे कोरडे पडलेले असले तरी मधल्या उंच दालनात पाऊल टाकले म्हणजे, येथे तंबोरा लागला असता घुमारा कसा उठला असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

प्रवरेच्या काठी नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. ती ओवीत आहे, आणि ओवी ही मुळात गाण्याची वस्तू होय. परंतु तो प्रसंग इतका पवित्र की त्यास 'मैफल' म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही. राहुरी तालुक्यातील ताहराबादेस महिपतिबुवा (१७१५ ते १७९०) होऊन गेले. त्यांचा 'भक्तिविजय' १७६२ सालचा. तो आजही घरोघर वाचला जातो. त्यांचे कीर्तन कसे रंगे हे मात्र सांगावयास कोणी उरला नाही.

आता फंदीकडे वळू. त्याच प्रवरेवर, नेवाशाच्या पुष्कळ वर, संगमनेर आहे. तेथे १७४४ साली घोलप आडनावाच्या यजुर्वेदी ब्राह्मण कुळात अनंताचा जन्म झाला. त्याच गावी मलिक फंदी नावाचा एक फकीर होता; त्याच्याशी अनंताचा इतका स्नेह जडला की लोक अनंतासही फंदीच म्हणू लागले. वडिलोपार्जित आडनाव मागे पडून एका मुसलमान मित्राचे नाव ब्राह्मण कवीस चिकटावे, आणि तेच दोनशे वर्षांवर टिकावे, ही गोष्ट त्या काळच्या संगमनेरविषयी बरेच काही सांगून जाते. १८१९ साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर वर्षभराने, तो वारला. सवाई माधवरावांचा उत्कर्ष आणि दुसऱ्या बाजीरावाचा अपकर्ष ही दोन्ही त्याने पाहिली व दोहोंवर कवने केली. लावण्या, पोवाडे, कटाव आणि फटके असा त्याच्या रचनेचा पसारा आहे. फटका म्हटला की आजही त्याचेच नाव प्रथम येते, आणि त्या एका उपदेशपर फटक्यामुळेच तो पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

परंतु तो पुस्तकात बसण्यासाठी जन्मला नव्हता. त्याच्या काळच्या तमाशाची बैठक डोळ्यांसमोर आणा. रात्र चढलेली आहे, देवळापुढच्या पटांगणात टेंभे पेटले आहेत. खेळापूर्वी डफ जाळावर धरून शेकला जात आहे; कारण कडीवर ताणलेले कातडे दवाने सैल पडते आणि शेकल्यावाचून खणखणीत बोलत नाही. ढोलकीवाला शाईवर बोटे फिरवून बोल तपासत आहे. तुणतुणे म्हणजे एक पोकळ लाकडी नळकांडे, बुडाला कातडे, कडेला एक काठी व तिच्या खुंटीपासून आलेली एकच तार. त्यातून स्वर निघतो एकच, पण सारी बैठक त्या एका स्वरावर उभी असते. शाहीर कडव्याचा शेवटचा चरण टाकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी तो वरच्या पट्टीत उचलून 'जी जी' करीत ताणतात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो आणि समोरच्या गर्दीचा कल पाहून पुढचे कडवे कोणते घ्यावे हे ठरवितो. कलगी व तुरा ह्या दोन पक्षांत सवालजवाब जुंपले, तर पहाट होई. आपल्या हाती जी छापील लावणी आहे, ती ह्या सर्व सोहळ्याचे केवळ टाचण होय. कोठे थांबावयाचे, कोणता शब्द झीलकऱ्यांच्या हाती सोडावयाचा, कोणत्या जागी डफावर थाप मारून हशा पिकवावयाचा, हे कागदावर नाही.

ह्या फंदीविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. तो बिदागीच्या आशेने महेश्वरास अहल्याबाई होळकरांच्या दरबारी गेला. बाईंनी त्यास, ब्राह्मण असून तमाशे करतोस, ही वाणी देवाच्या कामी का लावीत नाहीस, असे खडसावले. फंदीस उपरती झाली, त्याने डफ टाकला आणि तो कीर्तनकार झाला. बाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा, १७२५ चा. म्हणजे बोलणाऱ्या आणि ऐकणारा ही दोन्ही माणसे आपल्याच जिल्ह्याची. भेट मात्र नर्मदाकाठी झाली. ही कथा आपल्याकडे मोठ्या आवडीने सांगतात. सांगणाऱ्याच्या मुद्रेवर अशा वेळी एक प्रकारचे समाधान दिसते, जणू घरातील वाया गेलेला मुलगा मार्गावर आला.

कथा खोटी म्हणण्याचे आम्हांस कारण नाही. उत्तरवयात फंदी कीर्तन करीत असे, हे मान्य आहे. पण तिथ्यांकडे थोडे लक्ष द्यावे. अहल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या. खर्ड्याची लढाई, जीत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातील. आणि हे खर्डेही जामखेड तालुक्यातच आहे. ह्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. भेट त्यापूर्वी झाली असेल, तर 'डफ टाकलेल्या' माणसाने पुढे पोवाडा रचला. नंतर झाली असेल, तर ती मार्च ते ऑगस्ट ह्या पाच महिन्यांत, बाईंच्या सत्तराव्या वर्षी, झाली असे मानावे लागते. तेही अशक्य नाही. परंतु मग दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीविषयीची फंदीची कवने कोठे ठेवावयाची? ती तर १७९६ नंतरचीच असणार. सवाई माधवरावांच्या निधनावर त्याने ओवीबद्ध काव्य रचले हे खरे, आणि ओवी ही कीर्तनकाराला शोभणारी वस्तू आहे हेही खरे. पण शाहिरी त्याने सोडली, ह्यास त्याच्या कवितेचीच साक्ष मिळत नाही. आमचे अनुमान असे की फंदीने एक काम टाकून दुसरे धरले नाही. जे त्याने पटांगणात कमावले, तेच तो देवळात घेऊन गेला. पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात आख्यान उभे करावयाचे, शेकडो माणसे मध्यरात्रीपर्यंत जागी ठेवावयाची, ही विद्या त्यास चिपळ्यांनी नव्हे, डफाने शिकविली होती.

म्हणून आमच्या इच्छेतील बैठक ही त्या वळणावरील आहे. एका रात्री त्याचा तमाशा ऐकावा व दुसऱ्या रात्री, त्याच संगमनेरात, त्याचे कीर्तन. आणि दोहोंत कोणती जागा त्याने तशीच ठेवली आहे, ती कानाने ओळखावी.

हे वळण आपल्या जिल्ह्यात पुन्हा एकदा आले. नगर तालुक्यातील अकोळनेर येथे १८६८ साली जन्मलेले गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे पोलिसात शिपाई होते आणि त्यांस तमाशाचा विलक्षण नाद होता. लावण्या ते जागच्या जागी रचून देत. शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासात त्यांचे जीवन पालटले व ते दासगणू महाराज झाले. कोट, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनास निघालेल्या गणूस बाबांनी थट्टेने अडविले आणि अंगावरील सारा साज उतरविण्यास सांगितले. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार व हाती चिपळ्या घेऊन ते नारदीय कीर्तन करीत राहिले. १९६२ साली ते निवर्तले. त्यांची कीर्तने ऐकलेली वृद्ध मंडळी आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या रसाळपणाची वाखाणणी करताना ती मंडळी थकत नसत. त्या तरुण शिपायाच्या लावण्या मात्र कोणी जपल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कीर्तनाची पदे देवघरात राहिली. तमाशाची बाडे माळ्यावर गेली व तेथून बंबात.

आपल्या भाषेचाच हा पक्षपात आहे. कीर्तनकारास आपण 'बुवा' म्हणतो, 'महाराज' म्हणतो. तमाशातील कलावंतास नुसते नाव पुरते, तेही एकेरी. ह्याच लेखात फंदीस आम्ही 'तो' म्हणत आलो आणि दासगणूंस 'ते', हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. सवय सुटत नाही. निदान पवळाबाईंच्या बाबतीत ती चूक करावयाची नाही असे ठरविले आहे.

पवळाबाई संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील, महार समाजातील. फंदीच्या काळी तमाशात स्त्रीवेष घेऊन पोरे नाचत. त्या जागी स्वतः बोर्डावर उभी राहणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंची गणना होते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, ह्यांनी ब्राह्मण्य सोडून तमाशा पत्करला. ह्या दोघांचा फड साऱ्या महाराष्ट्रात गाजला. बापूरावांच्या लावण्या छापून निघाल्या, त्यांवर विद्वानांनी प्रस्तावना लिहिल्या. ज्या कंठातून त्या लावण्या प्रथम लोकांपर्यंत गेल्या, त्या कंठाचे वर्णन शोधू गेल्यास मिळते ते बहुधा रूपाचे.

अगदी अलीकडे कांताबाई सातारकर संगमनेरातच राहत होत्या व २०२१ च्या साथीत तेथेच वारल्या. फडात शिवछत्रपतींची भूमिका करणाऱ्या ह्या बाईंना पाहिलेली व ऐकलेली माणसे आज आपल्या ज्ञातीतही पुष्कळ असतील. संगमनेरात अनंत फंदीच्या नावे व्याख्यानमाला भरते, ही संतोषाची गोष्ट. आम्हीही तेथे दोनदा जाऊन व्याख्याने ऐकून आलो आहोत.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. प्रस्तुत लेखकाचे आजोबा तरुणपणी दोन हंगाम एका फडात झीलकरी होते. घरात हे सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. त्यांचे तुणतुणे कोनाड्यात, फडक्याखाली झाकलेले असे. सोयरे मंडळी यावयाची असली की आजी ते धान्याच्या कणगीमागे ठेवून देई. बारातेरा वर्षांचे असताना आम्ही एकदा धीर करून त्यांस विचारले, "आबा, तुम्ही पवळाबाईंना पाहिलं होतं म्हणे?" ते बाजेवर उठून बसले. "हिवरगावच्या जत्रंत," ते म्हणाले, "एकदा." आम्हांस त्या वयात जुनी नाणी जमविण्याचा छंद होता. आम्ही विचारले, "मग किती आणे पडले?" त्यांनी किती ते सांगितले, क्षणभर आमच्याकडे पाहिले, आणि पुन्हा आडवे झाले. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दुसरे काही विचारावयाचे राहून गेले.