घरखाते : जालन्याच्या जैन कुटुंबांतील काटकसरीचा इतिहास

'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या पिढीच्या तोंडी आजही ऐकू येते. कापूस, धान्य, कापड आणि सराफी यांच्या पेढ्यांनी या शहराला ही कीर्ती मिळवून दिली. परंतु ज्या घरांनी हा पाळणा हलता ठेवला, त्यांच्या आत डोकावले असता सोन्याचा झगमगाट फारसा दिसला नसता. दिसली असती ती दुकानातील पांढरी गादी, लाल पुठ्ठ्याची वही आणि माजघरात धान्याच्या कोठ्यांची ओळ. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टच्या वास्तूंचा, विश्वस्तांचा आणि दानशूरांचा गौरव होणे उचितच आहे. मात्र ज्या घरगुती हिशेबातून ते दान निघाले, त्या हिशेबाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

वहीतील घर

जालना हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे येथून धावू लागली आणि मनमाडमार्गे मुंबईची बाजारपेठ जवळ आली. मारवाडातून आलेली ओसवाल व खंडेलवाल घराणी आणि येथील मातीत आधीपासून रुजलेले सैतवाल यांनी जालना, परतूर, अंबड, भोकरदन, मंठा अशा गावांतून व्यापार केला. त्या काळी व्यवहार दोन नाण्यांत चाले. संस्थानचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया. ७ हाली रुपयांना ६ कलदार हा ठरलेला भाव होता. मुंबईच्या आडत्याला कलदार द्यावे लागत आणि खेड्यातील गिऱ्हाईक हाली रुपये मोजे. या रोजच्या गणितामुळे पै-पैचा हिशेब ठेवणे ही व्यापाऱ्याची हौस नव्हती, ती त्याची निकड होती.

रोजकीर्दीवरून खतावणी होई. डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे. याच खतावणीत गिऱ्हाइकांच्या व आडत्यांच्या खात्यांबरोबर आणखी एक खाते असे, ते म्हणजे घरखाते. घरात गेलेला मीठ-मिरचीचा, औषधाचा आणि लग्नातील आहेराचाही पैसा त्यावर नावे पडे. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात यालाच 'उचल' म्हणतात, आणि उचल म्हणजे भांडवलातील घट हे पहिल्याच वर्षी शिकविले जाते. पेढीवर बसणाऱ्या मालकाला हे तत्त्व कोणत्याही पदवीशिवाय ठाऊक होते. घरात वाढलेला प्रत्येक रुपया पुढच्या हंगामात भरावयाच्या मालातून कमी होतो, हे त्याला वहीचे पान रोज सांगत असे.

दिवाळीला वहीपूजन होई. पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी लाभो अशी मंगलभावना लिहिली जाई. जुन्या वर्षाची बाकी ओढताना घरखात्याचा आकडाही समोर येई, आणि येत्या वर्षी घर किती रकमेत चालवावयाचे हे तेव्हाच ठरे. अनेक घरांत त्याच वेळी धर्मादाय खातेही उघडले जाई. खर्च करून काही उरल्यास दान, असा क्रम नव्हता. आधी धर्माचा वाटा, मग भांडवलाची सोय आणि राहिलेल्या रकमेत घर, असा तो क्रम होता.

व्रत आणि अंदाजपत्रक

या क्रमाचे मूळ केवळ व्यापारी चातुर्यात नाही, श्रावकाच्या बारा व्रतांत आहे. पाचवे अणुव्रत परिग्रहाचे परिमाण ठरविण्यास सांगते आणि उपभोग-परिभोग परिमाण व्रत रोजच्या वापरातील वस्तूंची मर्यादा आखून देते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वांना परिचित आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात होते. दहा दहा हजार गाईंचे चार गोकुळ होते. भगवान महावीरांपुढे व्रते घेताना त्याने हे सारे मोजून सांगितले, त्यापलीकडे न जाण्याचा नियम घेतला आणि वस्त्र, फळ, भाजी यांचीही मर्यादा बांधली. धनाढ्य माणसानेही संपत्तीचे भाग पाडावेत आणि घराच्या भागाला कुंपण घालावे, हा त्यातील व्यावहारिक बोध आहे.

दुसऱ्या टोकाला पुणिया श्रावक आहे. कापसाच्या पुण्या विकून मिळणाऱ्या त्या दिवसाच्या कमाईवर पती-पत्नीचा निर्वाह चाले. साधर्मिकाला जेवू घालता यावे म्हणून एके दिवशी पतीने आणि दुसऱ्या दिवशी पत्नीने उपवास करावा, असा त्यांचा नेम होता. एकदा सामायिकात चित्त स्थिर होईना. चौकशी करता कळले की, शेजारच्या घरची एक गोवरी नकळत चुलीत आली होती. या कथेकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर तिचा अर्थ अधिक खोल होतो. घरखात्यात न नोंदलेली एक गोवरीसुद्धा मनाची शांती घालवते. आनंदाजवळ कोटी होते आणि पुणियाजवळ दिवसाची मजुरी, परंतु दोघांनीही मर्यादा आधी ठरविली आणि मग संसार केला. जालन्याच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांनी या दोन टोकांच्या मधली वाट धरली.

वर्षाची भरणी

वर्षाचे अंदाजपत्रक प्रत्यक्षात उतरे ते धान्याच्या भरणीत. पौष-माघात तूर व हरभरा, फाल्गुन-चैत्रात रब्बीची ज्वारी आणि गहू बाजारात येई. आवक भरपूर आणि भाव उतरलेला, अशा वेळी वर्षाचे धान्य एकदम घेतले जाई. ज्याने चैत्रात कोठी भरली त्याला श्रावणातील चढ्या भावाची चिंता नसे. मात्र धान्य साठविणे म्हणजे कीड लागण्याचा धोका, आणि कीड म्हणजे जीवहिंसा. म्हणून धान्याला कडक ऊन दिले जाई, निवडणे-पाखडणे होई, डाळींना एरंडेलाचा हात लावला जाई आणि ज्वारीत कडुनिंबाचा पाला घातला जाई. यात धर्म आणि बचत यांना वेगळे काढणे अवघड आहे.

वैशाखात पापड, मुगवड्या, शेवया व लोणची होत. गवार आणि भेंडीच्या काचऱ्या गच्चीवर वाळत पडत. चातुर्मासात हिरव्या भाजीचा त्याग असे आणि वर्षभर तिथी पाळल्या जात. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी व चतुर्दशी या पाच तिथी धरल्या तर महिन्यात दहा आणि वर्षात सुमारे १२० दिवस हिरवी भाजी घरात येत नसे. त्या दिवशी बेसनाचे गट्टे, कढी, मुगवडी किंवा नुसती डाळ. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपल्यामुळे रात्री चूल पेटत नसे आणि रॉकेलही वाचे. जळणासाठी कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुऱ्हाट्या गाडीने घेऊन रचून ठेवल्या जात. व्रत पैसे वाचविण्यासाठी कोणी केले नाही, पण व्रताने पैसे वाचले हे खरे.

कापडाचा हिशेब तर पाहण्यासारखा होता. एकाच ताग्यातून सर्व भावांचे सदरे शिवले जात. मोठ्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा त्याहून धाकट्याला येई. कापड दुकानदाराच्या घरात तर जे विकले गेले नाही तेच अंगावर येत असे, मग रंग आवडो वा न आवडो. विरलेल्या लुगड्याचे दुपटे होई, दुपट्याची वाकळ, वाकळीचे पोतेरे. अपवाद एकाच वस्तूचा. पाणी गाळण्याचे गळणे मात्र जाड, दुपदरी आणि धडके लागे, तेथे जुनेर चालत नसे. काटकसर कोठे करावयाची आणि कोठे करावयाची नाही, याचा याहून नेमका दाखला मिळणार नाही. ज्यांचे स्मारकस्थान जालन्यात आहे, त्या कर्नाटक गजकेसरी श्री गणेशलालजी महाराजांनी खादीचा पुरस्कार केला, त्यामुळे साध्या वस्त्राला येथे प्रतिष्ठाही लाभली.

बहात्तरचा दुष्काळ

१९४८ ते १९६० या बारा वर्षांत मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबईत आणि तेथून महाराष्ट्रात आला. हाली सिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. शेर, पायली, मण यांच्या जागी किलो आला. घरखात्याची भाषा बदलली, पण रीत टिकली. तिची खरी कसोटी लागली १९७२ मध्ये.

आधीच्या दोन वर्षांतही पाऊस कमी झाला होता. १९७२ मध्ये खरीप गेले आणि रब्बीही गेली. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी आली. दुष्काळी कामांवर स्त्री-पुरुष खडी फोडू लागले आणि सुकडीवर मुले जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

व्यापाऱ्याची स्थिती वेगळ्या प्रकारे बिकट होती. या भागातील कापडाचा धंदा सुगीच्या वायद्यावर चाले. पेरणीला किंवा लग्नाला उधार नेलेल्या कापडाचे पैसे माल निघाल्यावर येत. मालच निघाला नाही, तेव्हा खतावणीत नावे पडलेल्या रकमा तशाच राहिल्या. मुंबईच्या पेढीची देणी मात्र थांबत नव्हती. अशा वेळी कमी करता येण्याजोगे एकच खाते हाताशी होते, ते म्हणजे घरखाते. ज्यांनी ते आधीपासून आवाक्यात ठेवले होते त्यांना उधारीसाठी शेतकऱ्याच्या दारी तगादा न लावता एक-दोन वर्षे थांबता आले. ज्यांचा घरखर्च भरमसाट होता त्यांना ते जमले नाही. दुकानदाराची काटकसर ही गिऱ्हाइकाला दिलेली सवलत ठरू शकते, हे त्या दुष्काळाने दाखविले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. व्रताने आलेली काटकसर आणि गरिबीने लादलेली काटकसर या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेढीवरचा श्रावक उपवास करी तेव्हा त्याच्या कोठीत ज्वारी असे. खडी फोडणाऱ्याच्या घरी ती नसे. दोघांचे पोट सारखेच रिकामे, पण एकाचे तप आणि दुसऱ्याची उपासमार. पहिल्याने वाचविलेला घास दुसऱ्यापर्यंत पोहोचला तरच त्या तपाला पूर्णता येते. तो पोहोचला नाही तर काटकसर आणि कंजुषी यांत फरक उरत नाही. समाजातही तंगीत जगणारी घरे होतीच. त्यांच्याकडे धान्याचे पोते अंधार पडल्यावर, नाव न सांगता पोहोचविण्याची रीत होती. साधर्मिक भक्ती ती हीच.

भार कोणाच्या शिरावर

घरखाते लिहीत पुरुष, पण चालवीत स्त्रिया. वर्षाची रक्कम ठरविताना त्यांना क्वचितच विचारले जाई, आणि ती पुरविण्याची जबाबदारी मात्र संपूर्ण त्यांची असे. पाहुणा अचानक आला तर कढीत पाणी वाढे आणि वाढणारीच्या ताटातील भाकरी कमी होई. डाळीच्या डब्यात दडविलेली चिल्लर ही त्यांची एकमेव बँक, आणि आजारपणात वा मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी ती बँक कित्येकदा पेढीच्या आधी उघडली. या ट्रस्टच्या देणगीदारांच्या फलकांवर पुरुषांची नावे अधिक असतील, पण त्या आकड्यांतील मोठा वाटा सकाळी जात्यावर बसलेल्या, रात्री फाटके सांधणाऱ्या हातांनी वाचविलेला आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात हे ऋण नोंदविणे अगत्याचे आहे.

पालटलेले दिवस

१९८१ च्या महाराष्ट्रदिनी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे आणि पोलाद या उद्योगांनी शहराचे नाव देशभर नेले. उत्पन्न वाढले ही आनंदाचीच बाब आहे, परंतु विवाहातील डामडौलही वाढला. १९८५ मध्ये श्री. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहाचा मार्ग दाखविला तो याच चिंतेतून. वर्षभर तिथीला भाजी वर्ज्य करणाऱ्या घराने एका सायंकाळी शंभर पदार्थ मांडावेत, यातील विसंगती आजही संपलेली नाही.

आता पेढीचे हिशेब संगणकावर आहेत आणि घरखाते वहीतून बाहेर पडले आहे. घरखर्च कार्डावर, मोबाईलवर आणि हप्त्यांवर चालतो. जुन्या रीतीत कमाई आधी आणि खर्च मागाहून असे. हप्त्यात खर्च आधी होतो आणि कमाई वर्षानुवर्षे त्याच्या मागे धावते. वर्षअखेरीस घराचा एकच आकडा समोर येत नाही, म्हणून त्याचा विचारही होत नाही.

ट्रस्टला मात्र ही मोकळीक नाही. ज्ञानखाते, जीवदया खाते, साधारण खाते यांची रक्कम ज्या त्या कामीच लागते आणि प्रत्येक पैशाचा हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. हीच शिस्त कधी काळी प्रत्येक घरात होती, म्हणून तर संस्था उभ्या राहिल्या. येत्या दिवाळीला वहीपूजन करताना प्रत्येक कुटुंबाने एका कोऱ्या पानावर 'घरखाते' हे शीर्षक लिहावे, शेजारी धर्मादायाचे पान उघडावे आणि या वेळी आकडा ठरविताना घरातील स्त्रीला आधी विचारावे. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा पाया त्याच दोन पानांवर आहे.

जय जिनेंद्र!