वेड्यावाकड्या भूखंडाचे क्षेत्रफळ संगणक कसे काढतो?

भूखंड काटकोनी असेल तर लांबी आणि रुंदीचा गुणाकार केला की काम भागते. मात्र शहरांतील आणि शहरांलगतचे भूखंड सहसा तसे नसतात. एका बाजूला रस्ता वळलेला असतो, दुसरीकडे नाला असतो, तर मागची हद्द भावकीच्या वाटणीत तिरकी गेलेली असते. अशा जमिनीचा नकाशा आता संगणकावरील आरेखन प्रणालीत उतरवला जातो आणि पडद्यावर क्षणार्धात दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंतचा आकडा उमटतो. हा आकडा कसा निघतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे जमीन किंवा सदनिका घेणाऱ्याने जाणून घेणे हिताचे आहे.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची पद्धत जमिनीच्या व्यवहारांत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात ही रीत दिली. पण तिच्या उत्तराला त्याने ‘स्थूल’च म्हटले. आकृती आयत नसेल तर हे उत्तर नेहमी प्रत्यक्षापेक्षा जास्त येते, म्हणजेच ते विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. शिवाय केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरतच नाही. बाजू त्याच ठेवून कर्ण बदलला की क्षेत्रफळ बदलते. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) चक्क पिशाच्चाची उपमा दिली आहे.

संगणक बाजू मोजत नाही. तो कोपऱ्यांचे निर्देशक वापरतो. प्रत्येक कोपरा एका ठरावीक बिंदूपासून किती आडवा आणि किती उभा आहे, हे दोन आकडे त्याला पुरतात. हद्दीवरून क्रमाने जाताना एका कोपऱ्याचा आडवा आकडा पुढच्याच्या उभ्या आकड्याने गुणायचा, त्यातून पुढच्याचा आडवा गुणिले आधीच्याचा उभा हा गुणाकार वजा करायचा, सगळ्या वजाबाक्यांची बेरीज करून निम्मी करायची. हे सूत्र जर्मन गणिती माइस्टर यांनी १७६९ मध्ये मांडले. ते गाउस यांच्या नावानेही ओळखले जाते. बुटाच्या नाडीसारख्या तिरप्या गुणाकारांमुळे इंग्रजीत त्याला ‘शूलेस’ सूत्र म्हणतात.

समजा, एका भूखंडाचे कोपरे मीटरमध्ये (०, ०), (२०, ०), (२४, १५) आणि (३, १८) असे आहेत. वजाबाक्या अनुक्रमे ०, ३००, ३८७ आणि ० येतात. बेरीज ६८७, निम्मे ३४३.५ चौरस मीटर. याच भूखंडाला सरासरीची रीत लावली तर उत्तर सुमारे ३४८ चौरस मीटर येते. फरक जवळपास ४८ चौरस फुटांचा. शहरातील दराने त्याची किंमत ज्याने त्याने करावी.

संगणकापूर्वी हेच काम प्लॅनिमीटर हे उपकरण करीत असे. स्विस गणिती याकोब आम्सलर यांनी १८५४ मध्ये बनवलेल्या या यंत्राची सुई नकाशावरील हद्दीवरून फिरवली की छोट्या चाकाच्या फेऱ्यांवरून आतले क्षेत्रफळ कळे. केवळ कडेने फिरून आतली जागा मोजण्याची कल्पना दोहोंतही एकच आहे.

१९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमध्ये ‘एरिया’ ही आज्ञा दोन तऱ्हांनी चालते. एकेक बिंदू निवडत गेल्यास प्रणाली त्यांना सरळ रेषांनी जोडते. वळणदार हद्द असल्यास इथेच घोटाळा होतो. ५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ ३९.२७ चौरस मीटर आहे. ते सहा समान जीवांनी रेखाटले तर ३७.५ भरते आणि १९ चौरस फूट गायब होतात. त्याऐवजी हद्द कंसासह अखंड ‘पॉलिलाइन’ने काढून ती संपूर्ण आकृती निवडावी, म्हणजे कंसही हिशेबात येतो. आकृती कोपऱ्यात उघडी राहिली असेल तर प्रणाली पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ रेषेने जोडल्याचे गृहीत धरते आणि आकडा देऊन मोकळी होते. रेषा एकमेकींना छेदून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती झाली, तर सूत्रानुसार दोन्ही भागांची क्षेत्रफळे एकमेकांतून वजा होतात.

कागदी नकाशा स्कॅन करून वापरताना मोठा धोका प्रमाणाचा असतो. १:५०० प्रमाणात नकाशावरील एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ चौरस मीटर. तोच नकाशा १:१००० समजला तर क्षेत्रफळ चौपट दिसते. लांबीत एक टक्का चूक झाली तर क्षेत्रफळात दोन टक्के होते. म्हणून माहीत असलेली एक आडवी आणि एक उभी लांबी आधी पडताळून पाहावी. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीतही क्षेत्रफळ मोजण्याची सोय आहे, पण प्रमाण आपणच भरावे लागते.

सदनिकेच्या बाबतीत प्रश्न रेषा कोणती धरायची हा असतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची मात्र नाही. आराखड्यावर बाहेरची कड निवडली तर संगणक तिचेही क्षेत्रफळ तितक्याच अचूकपणे काढून देतो.

राहिला एककांचा प्रश्न. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बोलीचालीत गुंठ्यांत. आर १०० चौरस मीटरचा, तर गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा. वरील भूखंड ३.४३५ आर किंवा सुमारे ३.३९५ गुंठे आहे. आरलाच गुंठा म्हणून पैसे मोजले तर सुमारे ४३ चौरस फुटांचे जास्त जातात. आणि आराखड्यातील आकडा अभिलेखाशी जुळत नसेल, तर खरेदीखत करण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. त्यासाठी अर्ज जमीनधारकालाच करावा लागत असल्याने ही अट विसार देतानाच घालणे बरे.