बांधणी कधी यशस्वी, कधी अयशस्वी : पॅकेज उतरविण्यातील अडथळ्यांचा शोध

आज सहसा कोणतीही आज्ञावली पायापासून स्वतः लिहिली जात नाही. इतरांनी तयार करून महाजालावरील भांडारांत ठेवलेली पॅकेजेस उतरवून घ्यायची व त्यांवर आपले काम उभारायचे, ही सर्वमान्य पद्धत आहे. डॉटनेटसाठी नूगेट, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आणि जावासाठी मेवन सेंट्रल ही अशीच भांडारे होत. बिल्ड पाइपलाइनमध्ये पॅकेजेस उतरविण्याच्या टप्प्यास 'रिस्टोअर' म्हणतात. हा टप्पा नेहमीच फसत असेल, तर दोष लवकर सापडतो. तो कधी फसतो व कधी पार पडतो, तेव्हा मात्र खरी कसोटी लागते. बांधणी पुन्हा सुरू केली की काम होते. पण लक्षण जाते आणि कारण तसेच राहते.

म्हणून प्रथम फसलेल्या बांधणीची नोंदवही जपून ठेवावी व त्रुटीचा क्रमांक पाहावा. ४२९ म्हणजे मागण्यांची मर्यादा ओलांडली गेली. ४०१ आला, तर टोकनची मुदत संपली आहे का, हे तपासावे. ५०३ हा क्रमांक भांडाराचा सर्व्हर तात्पुरता अनुपलब्ध असल्याचे दर्शवितो. नूगेटमधील एनयू१३०१ ही त्रुटी स्रोताची सूचीच मिळाली नाही, असे सांगते.

मर्यादेचा प्रश्न सामायिक जोडणीवर विशेष जाणवतो. धाराशिव किंवा तुळजापूर येथील एखाद्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकाच जोडणीवर असतील, तर भांडाराला त्यांचा पत्ता एकच दिसतो. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये अनामिक वापरकर्त्यांसाठी सहा तासांत १०० प्रतिमांची मर्यादा आणली, तेव्हा ती पत्त्यावरून मोजली जात होती. साहजिकच, एकट्याने केलेले काम पार पडते आणि सारा वर्ग बसला की अडते.

दुसरे कारण अनेक स्रोतांचे. एकच पॅकेज दोन ठिकाणी असेल, तर नूगेट प्रथम उत्तर देणाऱ्या स्रोताकडून ते घेऊ शकते. यात सुरक्षेचाही धोका आहे. खासगी पॅकेजच्या नावाचे परके पॅकेज सार्वजनिक भांडारातून घुसविता येते, हे अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने २०२१ मध्ये दाखवून दिले. कोणते पॅकेज कोठून घ्यावे, हे नूगेट ६.० पासून ठरवून देता येते.

तिसरे कारण यंत्रावरचे. भरलेली डिस्क, अर्धवट उतरलेली फाइल किंवा एकाच फोल्डरात एकाच वेळी लिहिणाऱ्या दोन बांधण्या, यांमुळेही रिस्टोअर अधूनमधून फसतो.

भांडारातील पॅकेज कायम तेथेच राहील, असेही गृहीत धरू नये. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या निर्मात्याने काढून घेतले आणि जगभरातील असंख्य बांधण्या कोलमडल्या.

यावरील उपाय सोपे आहेत. आवृत्ती मोघम न लिहिता नेमकी लिहावी व लॉक फाइल प्रकल्पासोबत ठेवावी. उतरविलेली पॅकेजेस कार्यालयातील किंवा प्रयोगशाळेतील स्थानिक भांडारात साठवावीत. त्यामुळे बाहेरच्या मागण्या घटतात आणि मंद जोडणीवरही काम चालते. पुनर्प्रयत्न दोन-तीनच ठेवून प्रत्येकातील अंतर वाढवीत न्यावे. त्यांची नोंद मात्र अवश्य ठेवावी. कारण तिसऱ्या प्रयत्नात पार पडलेली बांधणीही दोन वेळा फसलेलीच असते.